पैलवानाची डावी बाजू

"सरळ चल की रे! सरळ!"

तेजस्वीनं टाच मारली. तिचा घोडा पैलवान चार पावलं गेला आणि फक्कीची पांढरी रेघ सोडून पुन्हा उजवीकडं सरकला. मग थांबला आणि मान वळवून डावीकडं बघत राहिला.

मे महिना निम्मा संपला होता. तेजस्वी घोडेस्वारीच्या क्लबात ड्रेसाज शिकत होती. म्हणजे घोडा पळवायचा नाही, उड्या मारायच्या नाहीत. शाळेच्या संचलनासारखं आखलेल्या रेघेवरून चालवायचा आणि सांगितल्या जागी उभा करायचा. पैलवानाला यातलं काहीच मान्य नव्हतं.

"हट्टी आहे तो," उदयसिंह सर खुर्चीतूनच म्हणाले. शिकवायचं काम त्यांचं, पण डोळे मोबाईलवर. "रविवारी अध्यक्ष आक्कांसमोर परीक्षा. रेघ सोडली तर सोमवारी घोडा दलालाला परत!"

तेजस्वीनं पैलवानाची आयाळ घट्ट धरली. पैलवानावर ती रोज चिडायची, काल तर त्याला गाढवही म्हणाली होती. पण तो परत जावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ सम्राट आणि मैत्रीण अर्शी कुंपणावर बसले होते. अर्शी खाली उतरली आणि वाळूतल्या टापा बघत मैदानभर फिरली.

"तेजू, ह्यो वाकडा चालत न्हाय! दर वेळी रेघेपास्नं तेवढाच लांब जातोय. डावीकडं जागा सोडतोय बघ."

"एसटीत रुमाल टाकून धरत्यात तशी?" सम्राट म्हणाला. "पण कुणासाठी?"

उत्तर दुसऱ्या दिवशी रस्त्यानं चालत आलं. शेजारच्या मळ्यातले बाळासोकाका वैरणीची बैलगाडी घेऊन कुंपणाजवळून निघाले होते. पैलवानानं कान टवकारले, जोरात खिंकाळला आणि कुंपणाच्या आतून बैलांच्या बरोबरीनं पार कोपऱ्यापर्यंत सरळ चालत गेला! तेजस्वीनं लगाम ओढलासुद्धा नव्हता.

काकांनी गाडी थांबवली आणि घोड्याच्या मानेवरचा घट्टा दाखवला.

"ही जुवाची खूण. घोडा-बैलाच्या शर्यतीतला हाय की ह्यो! एकाच गाडीला डावीकडं बैल आन् उजवीकडं घोडा जुपत्यात. जोडीदाराबिगर कसा चालंल त्यो, पोरी?"

तेजस्वीचा चेहरा उतरला. इतके दिवस तिनं उगीच टाचा मारल्या होत्या.

तिघांनी सरांना सगळं सांगितलं, तर ते हसले. "तयार घोडा आहे, असं दलालानं मला स्वतः सांगितलंय! तुम्ही नसतं डोकं चालवू नका."

"बरं, सर!" तिघं एका सुरात म्हणाली आणि थेट बाळासोकाकांच्या गोठ्याकडं पळाली.

रविवारी क्लबच्या अध्यक्ष आक्का वही उघडून बसल्या. मागं पालक बसले होते. तेजस्वी पैलवानावर बसून आत आली. तिच्या पाठोपाठ फाटक पुन्हा उघडलं आणि सम्राट काकांच्या हरण्या बैलाचा कासरा धरून मोठ्या रुबाबात आत शिरला!

"अरे, बाहेर काढ त्याला!" सर धावले.

"थांबा की जरा!" आक्कांनी हात वर केला.

सम्राटनं हरण्याला रेघेच्या डावीकडं घेतलं. पैलवानानं त्याच्याकडं बघितलं, फुर्रकन श्वास सोडला आणि निघाला. एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही! रेघेच्या मधोमध तेजस्वीनं लगाम आवळला, तसे घोडा आणि बैल दोघंही एकदमच थांबले. पालक हसून हसून टाळ्या वाजवू लागले.

आक्का हसल्या नाहीत. "उदयसिंह, घोडा घेताना त्यो आधी काय करत हुता, ह्ये इचारलासा काय?"

सरांनी मोबाईल खिशात घातला. "नाही, आक्का."

"ह्या पोरांनी इचारलं." आक्कांनी वहीत लिहिलं. "बैल आत आणला, म्हणून गुण शून्य! घोडा मात्र हितंच ऱ्हाईल. हरण्या रोज यील आन् रोज एक पाऊल लांब चालंल. हळूहळू एकट्यानं चालायची सवय हुईल त्याला. शाब्बास रं पोरांनो! मोठ्यांना दिसलं न्हाय, त्ये तुमी बघितलासा."

तेजस्वी खाली उतरली. शून्याचं तिला काहीच वाटलं नाही. तिनं पैलवानाच्या गळ्यात हात टाकले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "चुकलं माझं!"

पैलवानाचं लक्षच नव्हतं. तो हरण्याची मान चाटत होता.