शेवटून पहिली

परळच्या त्या काचेच्या इमारतीत नूपुरचं ऑफिस नवव्या मजल्यावर होतं, आणि मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी दोन्ही लिफ्टच्या दारांवर एकच पाटी लटकत होती – 'काम चालू आहे. जिना वापरा.'

पाटीखाली एक तरुण मांडी घालून बसला होता. कोपरापर्यंत ग्रीस, कानामागे पेन्सिल, शेजारी उघडी हत्यारांची पेटी.

"किती वेळ लागेल?" नूपुरने विचारलं.

"दीड तास."

"दीड तास! मला दहा वाजता नवव्या मजल्यावर असायला हवं."

"मग जिन्याने जा ना, मॅडम. नऊच तर मजले."

"नऊ'च'? तुम्ही चढता का कधी?"

"सकाळपासून तीनदा चढलोय," तो हसून म्हणाला. "लिफ्ट बंद पडली की सगळ्यात जास्त जिने लिफ्टवालाच चढतो."

नूपुर फणकाऱ्याने वळली आणि जिना चढायला लागली. पहिला मजला रागात गेला, दुसरा अभिमानात. चौथ्यावर मात्र तिने कठडा धरला आणि पर्स मांडीवर घेऊन चक्क पायरीवर बसली.

खालून शीळ ऐकू आली. पेटी खांद्यावर घेतलेला तोच तरुण वर येत होता. तिला पाहून त्याने शीळ थांबवली, पायही थांबवले.

"जा ना पुढे," नूपुर धापा टाकत म्हणाली.

"नको. मला मागे चालायची सवय आहे."

"म्हणजे?"

"दमलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये. तो आणखी दमतो." आणि मग त्याने विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

"गिरगावात. का?"

"सांगा ना. चालता चालता सांगा."

ती उठली. गिरगावात कुठे, मुगभाटात. कोण कोण? आई-बाबा. इथे काय करता? विम्याचे दावे तपासते. खोटे दावे ओळखता येतात? येतात. मग मी सांगितलेला दीड तास खरा की खोटा? – यावर ती हसली आणि तेवढ्यात तो म्हणाला, "आलं."

"काय आलं?"

"नववा मजला."

नूपुरने वर पाहिलं, खाली पाहिलं. पाच मजले कधी सरले?

"मी हितेंद्र. रविवारी सकाळी सहा वाजता माझगावच्या टेकडीवरच्या बागेत आमचा ट्रेकिंगचा ग्रुप सराव करतो. या."

"मी? अहो, मला घरच्या दोन जिन्यांचा दम लागतो!"

"म्हणूनच म्हणतो, या."

तब्येतीसाठी जातेय, असं तिने आईला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. आईने सुट्टीच्या दिवशी पहाटे पाच वाजता केस धुणाऱ्या मुलीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

माझगावची टेकडी म्हणजे काही हिमालय नव्हे. पण तिच्या पायऱ्या भरपूर आहेत आणि वर पोचलं की गोदीतली जहाजं खेळण्यांसारखी दिसतात. तिथे दर रविवारी बारा-पंधरा माणसं पाठीवर तांदळाच्या पिशव्या भरलेल्या सॅक घेऊन चढ-उतार करत. त्यांच्या पुढारी संघमित्राताई. दादरच्या एका शाळेत पी.टी.च्या शिक्षिका, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. सप्टेंबरमध्ये हिमाचलातली भाबा खिंड ओलांडायची, हे या सगळ्या खटाटोपामागचं स्वप्न. खिंडीच्या अलीकडे हिरवंगार खोरं आणि पलीकडे गवताचं पातंही नसलेले तांबडे-जांभळे डोंगर. मधले कित्येक दिवस ना दुकान, ना रस्ता, ना फोन.

ताईंनी मोबाइलवर त्या खोऱ्याचा फोटो दाखवला आणि नूपुरने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. इतकं मोठं आकाश तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"आधी टेकडी चढ," ताई म्हणाल्या.

ट्रेकमध्ये रांगेच्या पुढे चालणाऱ्याला वाट माहीत असावी लागते आणि मागे चालणाऱ्याला माणसं कळावी लागतात. या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या मागे हितेंद्र चालायचा. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही आणि त्याने कुणालाही ओलांडायचं नाही, हा कडक नियम. आता नवशिकी नूपुर सगळ्यात हळू. म्हणजे पहिल्याच ट्रेकपासून ती शेवटची आणि तिच्या मागे... तो.

जूनमध्ये सह्याद्रीतले ट्रेक सुरू झाले. धुकं असं की पुढची माणसं दहा पावलांत पुसली जायची आणि मग जगात दोघंच उरायची – ती आणि पाठीमागून येणारा त्याचा आवाज. 'मॅडम'चं 'नूपुर' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि 'हितेंद्र'चं 'हितू'.

"हितू, तू कधीच पुढे चालत नाहीस. कंटाळा नाही येत?"

"मागून बरंच दिसतं."

"काय दिसतं?"

"तुझ्या सॅकचा डावा पट्टा सैल आहे, हे दिसतं."

"बस्स? एवढंच?"

"...आणि वेणीत पान अडकलंय."

"मग काढ ना!"

एक ओला हात अलगद तिच्या केसांजवळ आला आणि पान घेऊन गेला. ते पान त्याने फेकलं की खिशात ठेवलं, हे वळून बघायचं धाडस नूपुरला झालं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो पुढे. नूपुर आता ऑफिसला रोज नऊ मजले पायी चढायची, लिफ्ट धडधाकट असली तरीही. जुलै लागता लागता तिच्या लक्षात आलं की आपल्याला दम लागत नाही. एका चढावर तिने सहज पाय उचलला, तर तीन जणांना मागे टाकून ती मधोमध जाऊन पोचली. आणि मागे वळून पाहते तो काय, हितेंद्र बासष्ट वर्षांच्या चिंतामणीकाकांशी गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलत होता!

त्या दिवसापासून नूपुरच्या बुटाची लेस वारंवार सुटायला लागली. दगडावरचा खेकडा बघायला थांबावं लागायला लागलं. रानफुलांचे फोटो काढल्याशिवाय पाऊल पुढे पडेना.

"थकलीस?" हितेंद्र काळजीने विचारायचा.

"थोडीशी..." ती म्हणायची आणि हसू लपवायला खाली वाकून लेस बांधायची.

पोरखेळच तो. पण प्रेमात शहाणी माणसंही असे पोरखेळ करतात.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सगळे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जमले. ताईंनी खिंडीला जाणाऱ्यांची नावं वाचली. अकरा नावं. चिंतामणीकाका होते. नूपुर नव्हती.

"ताई, माझं नाव?"

ताईंनी वही पुढे केली. प्रत्येक ट्रेकनंतर मागच्या माणसाने प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहायची, अशी त्यांची पद्धत. हितेंद्रच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं – 'नूपुर : मनापासून येते. चाल फार संथ. खिंडीत धोका होऊ शकतो.'

"काकासुद्धा जाणार आणि मी नाही?"

"काका हळू चालतात, पण थांबत नाहीत," ताई म्हणाल्या. "तू सतत थांबतेस."

नूपुरने हितेंद्रला बाजूला ओढलं. "तू लिहिलंस हे? तू?"

"दोन वर्षांपूर्वी एका मित्राला 'चालेल' लिहिलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "दोस्तीखातर. त्याला वर बर्फात श्वास घेता येईना. खाली आणेपर्यंत माझा जीव गळ्याशी आला होता. तेव्हापासून जे दिसतं तेच लिहितो. तुझी ओळ लिहायला मला अर्धा तास लागला, नूपुर."

आता काय सांगणार? मला येतं चालता, असं म्हटलं तर तो विचारणार, मग हळू का चालायचीस? आणि खरं उत्तर भर मैदानात द्यायचं कसं? बरं, गप्प बसावं तर ते खोरं, ते आकाश, सगळंच हातचं जाणार. आणि हितू पंधरा दिवस तिकडे, ती इकडे दाव्यांचे कागद चाळत.

ती तडक ताईंकडे गेली. "माझी परीक्षा घ्या. आत्ता, उद्या, कधीही."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे, आणि उगीचच शिट्टी पुसली. "बरं. लालबागच्या ज्या टॉवरची लिफ्ट हितू सांभाळतो, त्याचे बत्तीस मजले. पाठीवर दहा किलो. अठरा मिनिटं. नियम तोच, हितू मागे."

हितेंद्रने सोसायटीकडून परवानगी काढली आणि पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता शिट्टी वाजली.

पाचव्या मजल्यावर कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक आजी भिंतीला चिकटल्या. अकराव्यावर दूधवाला म्हणाला, "अहो ताई, लिफ्ट चालू आहे!" नूपुर थांबली नाही. पंधरा, अठरा, वीस. पाय जणू तिचे नव्हतेच, कुणीतरी वरून ओढत होतं. लेस घट्ट होती आणि वाटेत बघण्यासारखं एकही फूल नव्हतं. चोविसाव्या मजल्यावर तिला जाणवलं की मागचा पावलांचा आवाज दूर गेलाय. तीन महिने तिच्यामागे रमतगमत चालून बिचाऱ्याची सवय मोडली होती!

"तेरा मिनिटं, चाळीस सेकंद," गच्चीच्या दाराशी ताई म्हणाल्या. "जा, सामान भर."

दीड मिनिटाने हितेंद्र उगवला. घामाने निथळत, डोळे विस्फारून.

"एवढं... चालता येत होतं... तर तीन महिने... मागे का...?"

"आधी श्वास घे," नूपुर म्हणाली. "उत्तर खिंडीत देईन."

आणि मग खरोखरच ते खोरं आलं. काफनू गावातून वाट निघाली आणि देवदारांच्या सावल्यांतून उघड्यावर आली. गुडघाभर फुलं, दुधासारखे ओढे आणि दोन्हीकडे इतके उंच कडे की टोपी धरून वर बघावं लागे. नूपुरला हसावं की ओरडावं कळेना. तिने दोन्ही केलं. ताईंनी तिला पुढच्या रांगेत ठेवलं होतं. हितेंद्र अर्थातच मागे, चिंतामणीकाकांबरोबर. तंबूंच्या जागी तो सगळ्यांनंतर तास-दीड तासाने पोचायचा, आणि पोचल्या पोचल्या त्याची नजर पाणी शोधायची नाही, चहा शोधायची नाही... नूपुर चहाचा मग उंच धरायची. नजर थांबायची. तेवढंच बोलणं. चार दिवस तेवढंच!

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, शेवटचा बर्फाचा चढ चढून, नूपुर खिंडीत उभी राहिली. रंगीत पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. मागे हिरवं जग, पुढे तांबडं. मधल्या हातभर रुंद धारेवर ती.

"दहा मिनिटं फक्त," ताई ओरडल्या. "वारा वाढतोय."

खाली, बर्फावर, दोन ठिपके दिसत होते. फार हळू येत होते. दहा मिनिटं झाली. वाटाड्याने बाकीच्यांना पलीकडे उतरवायला सुरुवात केली.

"चल, नूपुर."

"ताई, मी मागच्यांबरोबर येते."

"मागे संथ चालणाऱ्यांनी राहायचं असतं."

"मी आज संथ आहे."

ताईंनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला. "बत्तीस वर्षं मुलांना पळवतेय मी. मुद्दाम मागे राहणारं पोर मला शंभर पावलांवरून कळतं. जुलैमध्येच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी तू बोलतेस का, बघत होते."

चिंतामणीकाका वर पोचले, मागोमाग हितेंद्र. धापा टाकत काकांनी पताकांना हात जोडले, नूपुर-हितेंद्रकडे पाहिलं आणि म्हणाले, "संघमित्राबाई, माझा हात धरा बरं. उतारावर मला भीती वाटते." आयुष्यात त्यांना उताराची भीती वाटली नव्हती. ताईंनी हात धरला आणि दोघं खाली निघाली.

हितेंद्र समोर उभा होता. भुवयांवर बर्फाचे कण, ओठ फुटलेले.

"थकलीस?"

"नाही."

"मग मागे का थांबलीस?"

"दमले म्हणून मी कधी मागे राहिलेच नाही, हितू," ती म्हणाली. वाऱ्यामुळे जवळ जाऊन बोलावं लागत होतं. "म्हणजे पहिला महिना सोड. नंतर... तू मागे होतास म्हणून."

हळूच त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, त्या पलीकडच्या डोंगरांवर ऊन पसरत होतं तसं.

"आणि मी येडा वहीत 'संथ' लिहीत होतो!"

"तेच तर! दावे तपासणारी मी, आणि खोटा दावा पकडता आला नाही तुला."

"पकडायचा नव्हता गं बहुतेक," तो पुटपुटला. हातमोज्यातल्या हाताने त्याने तिचा हातमोज्यातला हात धरला. "निघताना आईने विचारलं, 'रे हितू, तां पान पाकिटात कित्या ठेवलंस?' तुझ्या वेणीतलं ते पान का ठेवलं, ते मी सांगून टाकलं. म्हटलं, खिंड ओलांडली की विचारणार आहे."

"अजून ओलांडली कुठे? मध्येच उभे आहोत."

"मग अर्धंच विचारतो. लालबागला आमची खोली चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही."

"लिफ्टवाल्याच्या घरी लिफ्ट नाही?"

"नाही. रोज चढावं लागेल."

"पायऱ्या किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"अठ्ठ्याऐंशी!" नूपुर वाऱ्यावर ओरडली. "एवढ्यासाठी बत्तीस मजले चढायला लावलेत होय मला?"

"म्हणजे... हो?"

"हो!"

खालून ताईंची शिट्टी वाजली. एकदा, मग पुन्हा एकदा, चांगली लांबलचक. वारा फार होता, आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, असं दोघांनीही नंतर शपथेवर सांगितलं.