कोरा रकाना

रसिका रोज डोंबिवलीहून वागळे इस्टेटमध्ये नोकरीला यायची. त्या मंगळवारी तिच्या हातात बर्फ घातलेल्या दोन अगदी सारख्या पिशव्या होत्या. एकीत दुपारचा डबा, आणि दुसरीत... जाऊ दे, दुसरीत जे होतं ते ऑफिसशेजारच्या लॅबमध्ये तपासायला द्यायचं होतं. मान खाली घालून तिनं पिशवी खिडकीतून आत सरकवली आणि पळ काढला.

दहा मिनिटांत फोन.

"मॅडम, लॅबमधून सुदेश बोलतोय. तुमच्या सॅम्पलमध्ये... दहीभात निघालाय. हिंग-जिऱ्याची फोडणीपण आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रसिकाला झालं. ती धावत परत आली. लॅबच्या दारातल्या बुचाच्या झाडाखाली सुदेश तिचा डबा घेऊन उभा होता, ओठ घट्ट मिटून. केसांत एक पांढरं फूल अडकलेलं. दोघांची नजरानजर झाली — आणि दोघंही खो खो हसत सुटले.

तीन वर्षं तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती. खरं सांगितलं म्हणून ठरत आलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून ती कुणाला जवळच येऊ देत नसे. पण याच्यापासून लपवायला आता उरलं तरी काय होतं!

लॅबमध्ये या आजारावर चाललेला अभ्यास सहा महिन्यांचा होता, दर महिन्याला एक नमुना. नमुना दिला की झाडाखाली त्याचा चहा, तिचं ताक. हळूहळू मॅडमची रसिका झाली आणि तुम्हीचं तू.

"या आजारात पोटातले चांगले जिवाणू कमी होतात," एकदा तो म्हणाला. "पण ते कमी झाले म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून ते कमी झाले... अजून नक्की कळलेलं नाही."

"म्हणजे सुरुवात कुणी केली, तेच माहीत नाही?"

"नाही ना..." तो तिच्याकडे बघतच राहिला. तिनं उगाचच ओढणी सारखी केली.

शेवटच्या मंगळवारी बुचाला पुन्हा बहर होता. नमुन्यासोबतच्या फॉर्ममधला, तुलनेसाठी विचारलेला 'एकाच घरात राहणारी निरोगी व्यक्ती' हा रकाना रसिकानं नेहमीसारखाच कोरा सोडला. घरी फक्त आई, तिला मधुमेह. आता इथे यायला काही कारणच उरणार नव्हतं.

"नवरा-बायकोचे जिवाणू म्हणे हळूहळू एकमेकांसारखे होतात," सुदेश पेनाशी चाळा करत म्हणाला.

"आणि माझे बिघडलेले तुझ्याकडे आले तर?"

"माझे शहाणे तुझ्याकडे येतील. बघूया ना... कोण कुणाला वळण लावतं!"

ती हसली नाही. "सुदेश, हे जात नाही रे. मधूनच उसळतं. मग दिवसचे दिवस मी बाथरूममध्ये, आणि..."

"माहितीये मला. मऊ भात मी लावीन. शिट्ट्या किती, तेवढं तू सांग."

रसिकानं डोळे पुसले, त्याच्या हातातलं पेन ओढलं आणि कोऱ्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं.

"अगं, खोटं आहे हे! आपण कुठे एका घरात राहतो?"

"मग रविवारी ये की डोंबिवलीला, आईशी बोलायला." तिनं फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. "आणि जेवायलाच ये... दहीभात आहे."