कडेगावच्या गिऱ्हाइकाचा ताप

"आवं, ते कलम आधी खाली ठेवा!" मी ओरडलेच.

लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आलेला कडेगावचा मानसिंग आमच्या औंधच्या परड्यात पेरूचं कलम उलटं धरून मुळं न्याहाळत होता. ओली माती भसाभसा गळत होती.

माझे वडील लालासाहेब, म्हणजे आमचे आबा, संस्थानच्या बागेवर मुकादम होते. पावसाळ्यात घरामागच्या बागेत रोपं-कलमं विकायला काढायचे, लांबून लोक सल्ला विचारायला यायचे. पण आता नजर अधू झालेली. कलमं बांधायची ती मीच.

"पेरू गोड लागंल न्हवं?" त्यानं विचारलं.

"लागंल."

"आन् न्हाई लागला तर?"

"तर वर गूळ खावा!"

तो हसला... कानापर्यंत लाल होऊन.

मग दर बाजाराच्या दिवशी स्वारी हजर. कधी मोगरा, कधी शेवंती. प्रश्न ढीगभर, उत्तराकडे लक्ष नाही! एकदा रोप देताना बोटाला बोट लागलं — आणि गड्यानं रोपच सोडलं. मोडलं ना ते!

"तुमाला बाग करायचीया, का नुसता माझ्या डोक्याला ताप?"

"बाग न्हाई..." तो अडखळला. "म्हंजे... आपल्या दोघांचं आबांना इचारू का?"

काळजात लख्ख झालं. तोंडातून मात्र रागच आला. "आन् मी कडेगावला आल्यावर हितं कोन? आबांना फांदी दिसत न्हाई. एवढा तरी इचार करायचा!"

तो सायकल घेऊन गेला.

पुढचा बाजार गेला, त्याच्या पुढचाही. मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत होते.

"चंद्रे," आबा म्हणाले, "राग कुणावरचा, काढतीस कुणावर?"

भादव्यात तो आला. सायकलला ट्रंक बांधलेली.

"माझा वाटा थोरल्या भावाला कसायला दिला. तुमी म्हणाल तर आबांच्या हाताखाली हितंच ऱ्हातो."

"घरजावई म्हणून हसत्याल लोक."

"हसू द्या. तुमी काय म्हणता?"

मी उगाच पाण्याची झारी भरायला घेतली. जोत्यावरून आबा करवादले, "आगं, बोल की! पोरगं उन्हात हुबं हाय."

"व्हय!" मी पदरानं डोळे पुसले. "व्हयच म्हणतीया मी... पर आधी तितनं बाजूला व्हा! झेंडूच्या वाफ्यात पाय दिलाय तुमी!"