दुसऱ्यांदा विचारायचं असतं

इथं बसू का, असं कुणीतरी समोरच्या खुर्चीवर हात ठेवून जर्मनमध्ये विचारलं. स्वरूपानं वर न बघताच मान हलवली. तिचं सगळं लक्ष वाडग्यात होतं.

बर्लिनला ती कॉन्फरन्ससाठी आली होती. आज शेवटचा दिवस, संध्याकाळी डार्मश्टाटची गाडी. त्याआधी खरंखुरं व्हिएतनामी जेवायचंच, म्हणून लिश्टेनबर्ग भागातल्या या व्हिएतनामी बाजारात ती शोधत शोधत पोचली होती. आणि आता समोर फो वाफाळत होता – कोंबडीच्या रश्शात तांदळाच्या शेवया. चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं... नुसत्या वासानंच जीव हरखला. शेजारी मात्र ताटलीभर हिरवी पानं.

"अगं बाई, एवढा पाला... शेळी समजले की काय मला?" ती पुटपुटली.

समोर बसलेल्याला ठसका लागला.

"सगळा एकदम नाही टाकायचा," डोळे पुसत तो चक्क मराठीत म्हणाला. "थोडी थोडी पानं तोडून. मग लिंबू. आणि मिरची... तुमच्या जबाबदारीवर."

तिचे कान तापले. "मराठी आहात हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर शेळी हुकली असती."

त्याचं नाव ओजस. इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, जर्मनीत येऊन सहा वर्षं झालेली. बर्लिनला आला की इथं जेवल्याशिवाय परतायचा नाही. बोलता बोलता त्यानं मागवलेले रोल आले. ओल्या सालपापडीसारख्या तांदळाच्या पापडीतून आतली कोळंबी आणि पुदिना लाजत डोकावत होता. दोघांनी एकेक खाल्ला. स्वरूपानं डोळेच मिटले. बशीत एक उरला.

"घ्या ना."

"नको, झालं माझं," ती म्हणाली, आणि त्यानं पुन्हा विचारायची वाट बघत बसली. सांगलीत पाहुण्याचं पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. दुसरंही नाही.

"आल्झो... बरं तर," म्हणत ओजसनं रोल उचलला आणि शांतपणे खाऊन टाकला.

स्वरूपा बघतच राहिली. "पुण्याचे का तुम्ही?"

"हो. कसं ओळखलंत?"

"ओळखलं आपलं."

मग दोघं बाजारात हिंडले. लिचीसारखं केसाळ रंबुतान सोलताना तिच्या बोटांवरून रस ओघळला आणि त्यानं न बोलता रुमाल पुढे केला. एका बाईनं कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून दिल्या, तेव्हा दोघांनीही एकदमच डोळा बारीक केला आणि एकदमच हसले. मध्येच तो "आलोच" म्हणून कुठेतरी गेला आणि बॅगेची चेन लावत परत आला. स्वरूपाला वाटलं, ही दुपार अशीच चालत राहावी... पण ट्रामचा थांबा आलाच.

"स्टेशनपर्यंत येऊ का? माझी गाडी उशिराची आहे."

"नको, कशाला उगीच तुम्हाला त्रास," तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

तिनं त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोलेल... "बरं. सांभाळून जा," एवढंच म्हणून तो वळला.

ट्राम आली. दार उघडलं. त्याचा नंबर नाही, पत्ता नाही... हे दार मिटलं की तो इंगोलश्टाटला आणि ती डार्मश्टाटला. आणि 'नको' तर तिनंच म्हटलेलं. स्वरूपा चढलीच नाही. उलटी वळून पळत सुटली.

तो चौकातच होता. रस्त्यावर दूरवर एकही गाडी नाही, तरी सिग्नलचा लाल माणूस बघून शहाण्यासारखा उभा.

"तुम्ही ना..." तिला धाप लागली होती. "दुसऱ्यांदा विचारायचं असतं."

"इथं नको म्हणजे नको. सहा वर्षांत तेच अंगवळणी पडलंय," तो हळूच म्हणाला. "आणि मला वाटलं, कंटाळलात."

"कंटाळले? मी?" तिनं श्वास घेतला. "मग मीच इथली रीत शिकते. हो."

"कशाला हो?"

"स्टेशनला. आणि... डार्मश्टाटला येऊ का, त्यालाही."

"ते मी कुठं विचारलं?"

"विचारणार नव्हतास?"

तिच्या तोंडून एकेरी ऐकून त्याचा चेहरा उजळला. "शेळीपासून मनात आहे," तो म्हणाला. मग बॅग उघडून त्यानं एक पुडकं काढलं. आत तेच रोल होते. "तू बशीकडे बघत होतीस. म्हणून बांधून घेतले, पण द्यायचा धीर होईना. सगळ्यालाच नको म्हणत होतीस."

'नको' ओठांवर आलंच होतं. स्वरूपानं ते गिळलं आणि एक रोल उचलला. दुसरा त्याच्यापुढे धरला.

"नको," तो म्हणाला.

"हे जर्मन नको, की आपलं?"

सिग्नल हिरवा झाला. दोघांपैकी कुणीच हललं नाही.

"आपलं," ओजस म्हणाला, आणि तिनं पुन्हा विचारायची वाट बघत उभा राहिला.