खिंडीतल्या चिंध्या

२०१९ साल. डिसेंबरचा दुसरा रविवार, तारीख आठ.

तारीख चुकायची नाही. मी त्र्याहत्तर वर्षांची असले तरी तारखा माझ्या पक्क्या असतात. हे घडलं तेव्हा मी स्वतः तिथं होते. कोणाकडून ऐकलेलं काही मी लिहीत नाही.

हे रात्रीचंही नाही. ऊन होतं तेव्हाचं आहे. म्हणूनच मला अजून त्याचा उलगडा होत नाही.

आम्ही मूळचे उमरेडचे कोष्टी. घरात दोन माग होते. बाबा लुगडी विणायचे आणि त्यांची धाकटी बहीण, माझी मैना आत्या, ती गाठोड्यात बांधून डोंगरापलीकडच्या बाजारी न्यायची. सडक लांबून जायची, म्हणून सगळे पायवाटेनं जात; मीही आत्याबरोबर दोन-चारदा गेले होते. आधी सागाचं रान, मग एक खिंड, मग उतरून नदी.

खिंडीत बेहड्याचं मोठं झाड होतं. नदीकडे उतरण्याआधी प्रत्येकानं त्याला आपल्या कापडाची एक चिंधी बांधायची.

परत येताना आपली चिंधी सोडून घ्यायची.

१९६१ साली मी नऊ वर्षांची होते. आत्या बाजाराला गेली ती आलीच नाही. नदीला पूर नव्हता. रानात रक्त सापडलं नाही. गाठोडंही सापडलं नाही. बाबा आठ दिवस फिरले. त्यानंतर आमच्या घरचं कोणी त्या वाटेनं गेलं नाही.

माझी नात प्रणाली इथं नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. तेव्हा ती माझ्याजवळ राहायची. रविवार आला की मित्रांबरोबर डोंगर चढायची. एकदा जेवताना मी सहज त्या पायवाटेचं बोलले, तर ती हट्टालाच पेटली.

"आजी, तूच दाखव ना. तुझ्याशिवाय कोणाले माहीत हाय ती वाट?"

खरं सांगते, मलाही जायचं होतं. अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

आम्ही तिघं होतो. मी, प्रणाली आणि तिच्या ऑफिसातला पंकज. उमरेडहून नत्थूजींची जीप केली. ते सडकेवर थांबणार होते. आम्ही गाडीतून उतरत होतो तेव्हा म्हणाले, "बाई, गुडघे घरी ठेवून नाही आल्या ना?"

"तुमच्यापेक्षा आधी पोचते," मी म्हटलं.

या पोरांची एक शिस्त असते. वाट चुकू नये म्हणून जाताना झाडांना फिती बांधतात. येताना सगळ्यात मागं चालणारा त्या काढून आणतो. डोंगरात आपलं काही ठेवायचं नाही. त्या मागच्याला हे लोक शेपूट म्हणतात. त्या दिवशी शेपूट पंकज होता.

फिती मीच दिल्या होत्या. घरात जुन्या लुगड्यांचे काठ पडून होते, ते फाडले.

साडेदहाला खिंडीत पोचलो.

झाड होतं. तसंच.

आणि त्यावर चिंध्या होत्या...

दहा-बारा असतील. रंग विटलेले, पण कापड धड. मी कोष्ट्याची पोर आहे. सुती कापड उन्हापावसात किती टिकतं ते मला कोणी सांगायला नको. ती वाट बंद पडून चाळीस वर्षं झाली होती.

पोरं हसतील असं वाटलं.

एवढंच म्हटलं, "इथं एकेक चिंधी बांधा. जाताना बांधायची, येताना सोडायची."

अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं असं होतं की दुसऱ्याच्या चिंधीला हात लावायचा नाही. ती त्या माणसानं परत येऊन स्वतःच सोडायची.

माझी चूक ती एवढीच. आणि तेवढी पुरली.

नदीवर डबे खाल्ले. पंकजनं पाण्यात पाय सोडून नकला केल्या, प्रणाली हसून हसून लोळली. अडीचला परत निघालो. झाडापाशी मी चिंधी सोडायला हात वर केला, तर पंकज म्हणाला, "आजी, तुम्ही उतरायला लागा. शेपूट कायले हाय मग? मी सगळ्या आणतो."

आम्ही दोघी पुढं निघालो.

उतार अर्धा झाला असेल. आधी पाखरं गप्प झाली.

मग मागून पावलं ऐकू आली.

सागाची वाळली पानं पापडासारखी मोडतात. एक माणूस चालला तरी कळतं.

हा एक माणूस नव्हता...

"पंकज कोणाले घेऊन येऊन राहिला?" प्रणाली म्हणाली.

वळणावर पंकज दिसला. एकटाच. आम्हाला पाहून थांबला.

पावलं मात्र थांबली नाहीत.

दोन-चार पानं मोडली. मग आणखी दोन. मग एक. मागून येणारे एकेक करून थांबत होते, तशी.

पंकजचा चेहरा पांढरा पडला होता. "आजी, खिंडीपासून असं होऊन राहिलं. मी वळून पाहतो तर कोणी नाही."

आणि तेव्हा त्याच्या पाठीमागून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला. थकलेला.

"गाव आलं का वं?"

प्रणाली उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात दाबला. का दाबला ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

"पंकज, पिशवी उघड."

त्यानं उघडली. आमच्या फिती होत्या. त्यांच्याबरोबर झाडावरच्या सगळ्या चिंध्या होत्या.

"मले तर कचराच वाटला ना, आजी. तुम्हीच म्हटलं, येताना सोडायची."

जे कधी परत आलेच नव्हते, त्यांच्या चिंध्या त्यानं सोडल्या होत्या. ते आता परत निघाले होते. आमच्या मागं.

"गाव आलं का?" आता पुरुषाचा आवाज. मग आणखी एक. सगळे तेच विचारत होते.

"आजी, पळू ना आपण! सडक जवळच हाय," प्रणाली रडकुंडीला आली होती.

"सडकेपर्यंत पळशील. पुढं? हे घरापर्यंत येतील. चल, वर."

ती खिंड मी पुन्हा कशी चढले, मला ठाऊक नाही. पंकज पुढं, प्रणाली माझा हात धरून. दोन्ही बाजूंनी पानं मोडत होती. एकदा माझ्या कोपराला ओला पदर घासून गेला. माझा पदर कमरेला खोचलेला होता. प्रणालीनं जीन्स घातली होती.

पाचला झाडापाशी पोचलो. ऊन फक्त शेंड्यावर उरलं होतं.

पंकजनं पहिली चिंधी बांधली.

एक पाऊल कमी झालं.

दुसरी बांधली. आणखी एक कमी.

गाठी बसत नव्हत्या. "भाऊ, माफ करा गा, चुकलं," असं प्रत्येक गाठीला तो म्हणत होता. एकेक चिंधी, एकेक पाऊल. रान हळूहळू रिकामं होत होतं.

शेवटची माझ्या हातात होती.

तांबडा काठ. रुईफुलाची नक्षी. आणि कडेला एकच पिवळा धागा.

तो धागा बाबा घालायचे. आमच्या मागाची खूण.

आता रानात एकच पाऊल उरलं होतं. ते माझ्यापासून दोन हातांवर थांबलं होतं.

"आजी, बांध ना!" प्रणाली ओरडली. "काहून थांबली?"

मी त्यांच्याकडे पाठ केली. फांदीपाशी हात नेला, गाठ मारल्यासारखं केलं.

चिंधी पोलक्यात खोचली.

म्हटलं, "झालं. चला."

आत्या माझी वेणी घालायची. बाबा मरेपर्यंत संध्याकाळी दाराची कडी लावू द्यायचे नाहीत. ती घराकडे यायला निघाली होती आणि तिला पुन्हा त्या झाडाला मी बांधायचं? माझ्यानं झालं नाही.

उतरताना मागं एकच पाऊल वाजत होतं. पोरांना वाटलं, माझंच.

सडकेवर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. नत्थूजींनी बडबडत दार उघडलं. मग पुढच्या सीटवरचा आपला मफलर उचलला.

"त्या मावशीले पुढं बसू द्या. लय थकल्या दिसून राहिल्या."

आम्ही तिघंच उभे होतो.

नत्थूजींनी आमच्याकडे पाहिलं. मग पुन्हा आमच्या मागं पाहिलं. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला आणि उमरेड येईपर्यंत गाडी कुठं थांबवली नाही.

नत्थूजींनी पुढच्या महिन्यात जीप विकली. पुढची सीट वाळतच नाही, असं ते घेणाऱ्याला आधीच सांगून मोकळे झाले. आता ते भावाच्या किराणा दुकानात बसतात. मला ओळखतात, बोलत नाहीत.

पंकज पुण्याला आहे. लग्न झालं, मुलगी झाली. डोंगर सोडला. लिफ्टमधूनही सगळ्यात शेवटी बाहेर पडत नाही, असं त्याची बायको हसत सांगते. त्याला अजून वाटतं, सगळ्या चिंध्या बांधल्या.

प्रणाली दोन वर्षं माझ्याजवळ राहिली. मग मिहानजवळ खोली घेऊन गेली. कारण विचारलं तर म्हणाली, "आजी, दुपारी तू झोपलेली असते, तेव्हा समोरच्या खोलीत कोण फिरतं?" मी मांजर म्हटलं. तिनं फरशीवरच्या ओल्या पावलांकडे बोट दाखवलं.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती खूप रडली. चिंधी नेऊन बांधते म्हणाली. मी दिली नाही. एकटीनं तिनं त्या खिंडीत जायचं नाही, अशी शपथ घातली. आता ती रविवारी येते, अंगणात बसते, चहा पिऊन जाते. आत येत नाही.

माझे दोन्ही गुडघे धंतोलीतल्या दवाखान्यात बदलून झाले. डॉक्टर म्हणतात, घरातल्या घरात चाला. खिंड माझ्यासाठी संपली.

आणि जी मागं आली, ती घरात आहे.

रोज दुपारी तीनच्या सुमाराला पावलं दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येतात. थांबतात.

"गाव आलं का वं?"

हे नागपूर आहे. उमरेडचं आमचं घर १९८४ लाच विकलं. मी काय सांगू? हो म्हटलं तर ती कायमची इथं बसेल. नाही म्हटलं तर पुढं कुठं जाईल? सहा वर्षं मी तोंड उघडलेलं नाही.

पण मला भीती त्याची नाही.

तो पिवळा धागा बाबा प्रत्येक लुगड्यात घालायचे. दर बाजारी चार-पाच लुगडी विकली जायची. पंचक्रोशीतल्या किती बायका तो काठ नेसून त्या खिंडीतून गेल्या असतील...

मला माझी वेणी घालणारी आत्याची बोटं आठवतात. तिच्या डोक्यावरचं गाठोडं आठवतं, तिच्या गालावरचं गोंदण आठवतं.

आवाज आठवत नाही.

कितीही आठवून पाहिला तरी आठवत नाही.

म्हणून दुपारी मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि ऐकते. ही आमची मैना आत्या आहे की दुसरीच कोणी, ते मला ओळखू येत नाही.

आणि अलीकडे ती स्वयंपाकघरापाशी थांबत नाही. पलंगापर्यंत येते.