सहाशे माणसांचा हंडा

शेंदरीगडाच्या पूर्वतटावर उन्हाची पहिली तिरीप चढली, तरी दारकोजीरावांचं तेच रडगाणं चालू होतं: गड द्यावा, जीव राखावा. वेढा पडल्यापासून या माणसानं तलवार म्यानात ठेवून जीभ तेवढी परजली, आणि तो आपला सख्खा दीर, याचीच म्हाळसाबाईंना चीड होती. किल्लेदार नवरा बुरुजावर पडला त्या दिवशी गडाच्या किल्ल्या त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचल्या होत्या.

आता गडावर साठ माणसं उरली होती आणि दहा दिवसांचे हुलगे. गड रिकामा असल्याची खबर खाली मोगली छावणीत पोचली होती. खरंखोटं पाहायला वकील नसरुल्ला आज वर येणार होता, आणि तो तरुणपणी शाही मुदपाकखान्याचा, तिथल्या रांधपावर देखरेख करणारा दरोगा राहिलेला. बाईंनी ठरवलं, होते नव्हते तेवढे हुलगे एकाच हंड्यात घालायचे आणि सहाशे माणसांचं माडगं त्याच्या नाकासमोर रटरटत ठेवायचं. फसलं, तर उद्यापासून चुली थंड.

माडग्याला उकळी फुटली तसे दारकोजीराव मिठाची परात घेऊन पुढे झाले. साठांना एक ओंजळ, तर सहाशेंना दहा, असा सरळ हिशोब सांगत ते परात उपडी करणार, तोच बाईंनी त्यांचं मनगट धरलं. मोठा हंडा कमी आटतो. त्याला पाणी दहापट लागत नाही, मग मीठ तरी दहापट कुठून? घरच्या लग्नांत हंड्यापाशी उभं राहून हे दारकोजीरावांनीही कैकदा पाहिलेलं. विसरले नव्हते ते. माडगं खारट निघालं की दरोग्याला कळणार होतं, हा हात रोज साठांचंच रांधतो. खाली खबर कुणी धाडली, ते बाईंना तिथेच उमगलं. त्यांनी सात ओंजळी घातल्या आणि परात स्वतःच्या मांडीशी ओढून घेतली.

वकील आला तो सदर टाळून थेट चुलवणापाशी. बाकीची शिबंदी कुठे आहे, असं त्यानं अदबीनं विचारलं.

"मोर्च्यांवर," बाई म्हणाल्या. "जेवायला येतीलच. मोजायची असतील तर बसा, पाट मांडते."

त्यांची नजर हलली नाही. वकिलानं पळीभर माडगं चाखलं, जिभेवर घोळवलं.

"बाईसाहेब, हा हंडा रोज चढवणाऱ्याचाच हात आहे," म्हणाला, आणि पाटावर न बसताच गड उतरला.

तिसऱ्या दिवशी वेढा उठला. आंबलेल्या माडग्यावर तगलेली माणसं सदरेवर जमली. मिठाच्या परातीची गोष्ट तोवर गडभर झाली होती; आता दारकोजीरावांचा कडेलोट, असं सगळी धरून चाललेली. बाईंनी दिरापुढे त्याच माडग्याचं वाडगं सरकवलं, शेवटच्या घोटापर्यंत पिऊ दिलं आणि मगच तोंड उघडलं.

"भावोजी, गडावर साठ माणसं आहेत असं तुम्ही खाली कळवलंत. मोजणी चुकली तुमची. एकोणसाठच होती, तुम्ही स्वतःलाही धरलंत. दिंडीदरवाजा उघडा आहे. उतरा."