चेहऱ्याने उघडणारा लॅपटॉप

आधी तो लॅपटॉप मिट बघू. पाणी प्यायला उठलीस आणि ऑफिसचं सगळं काम पलंगावर उघडं टाकून गेलीस. हसू नकोस. धाकट्यालाही इकडे बोलाव, आणि मोठा दिवा लावू नका, आहे तो पुरे. माझ्या साडूचं काय झालं ते ऐका. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तुम्ही ओळखता त्याला. थापा मारणाऱ्यांतला तो नाही, त्याला साधा विनोदसुद्धा धड सांगता येत नाही.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. दुकान बंद करून तो घरी निघाला होता, तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बायको वारली, तिचा लॅपटॉप उघडत नाही, आत मुलीचे फोटो आहेत, घरी येऊन उघडून द्याल का? आता आमच्या साडूचं काळीज लोण्याचं. खरेदीचं बिल दाखवल्याशिवाय कोणाचं मशीन उघडायचं नाही, हा त्याचा स्वतःचाच नियम. पण ज्याची बायको गेली त्याच्याकडे बिल कुठल्या तोंडाने मागायचं? नाही मागितलं. तिथेच चुकलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते चाळिशीतल्या एका गृहस्थाने, बोलायला अगदी साखर. बाहेरच्या खोलीत टेबल, एक खुर्ची आणि कोपऱ्यात मुलीची छोटी सायकल. सायकलच्या सीटवर धूळ साचलेली. साडूला वाईट वाटलं.

त्याने लॅपटॉप चालू केला. तो चेहऱ्याने उघडणारा निघाला. म्हणजे वर कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागतो, समोर मालक दिसला तर उघडतो, नाहीतर ढिम्म हलत नाही. पासवर्डनेही उघडतो, पण तो या गृहस्थांना ठाऊक नव्हता. साडूने समजावलं, की वहिनी नाहीत म्हटल्यावर आता मार्ग नाही. आतली माहितीही कुलूपबंद असणार, डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी हाती काही लागायचं नाही. गृहस्थ येरझाऱ्या घालायला लागले. खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे, हाताची बोटं मोडायचे. मग एकदम गोड आवाजात म्हणाले, "बसा. चहा टाकतो. पण आज उघडायलाच हवा."

ते आत गेले. साडू स्क्रूड्रायव्हर बॅगेत ठेवायला खाली वाकला... आणि कॅमेऱ्याचा दिवा लागला.

त्याने हात लावला नव्हता. तो वाकलेला, म्हणजे लॅपटॉपसमोर कोणीच नव्हतं.

लॅपटॉप उघडला.

त्याला मालक दिसला होता. पण कुठे? साडूने मान वळवली. खुर्चीमागे नुसती भिंत.

स्क्रीनवर एक पान होतं. वर फोटो. चहा टाकायला गेलेल्या माणसाचाच. खाली लिहिलं होतं, हा बायकोला अर्धमेली होईपर्यंत मारायचा, आता तिला आणि मुलीला शोधतो आहे, कोणत्याही नावाने फोन आला तरी याला पत्ता कळता कामा नये. आणि त्याच्या खाली... पत्ता. मुलीची शाळासुद्धा. बायको जिवंत होती.

आत कप वाजले. मग पावलं...

झाकण मिटायला हवं होतं. साडूचा हात उचलेना.

"उघडला का?"

स्क्रीन काळी झाली. आपोआप. दिवा तेवढा जळत राहिला.

"नाही," साडू म्हणाला.

गृहस्थांनी कप खाली ठेवले. साडूला बाजूला सारलं. स्वतः वाकले. काळ्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. ते बघत राहिले... बघतच राहिले. मग हळूच मागे वळले. साडूकडे नाही. त्याच्या शेजारी.

चहाची वाफ निघत होती.

"ह्या बाई..." गृहस्थांचा आवाज बसला होता. "तुमच्याबरोबर आल्या का?"

साडूने लॅपटॉप काखोटीला मारला आणि जिना उतरला. त्याला कोणी अडवलं नाही. मागे वळून बघायची छाती त्याला झाली नाही. घरातले सगळे दिवे लावून तो रात्रभर जागा बसला, आणि सकाळी लॅपटॉपच्या तळाला चिकटवलेला फोन नंबर फिरवला.

घरच्या छळातून सुटून आलेल्या बायकांना आसरा देणारी संस्था होती ती. तिथल्या एक ताई तो लॅपटॉप वापरायच्या. त्याच आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना कोणीतरी त्यांच्या खांद्यावरची बॅग हिसकावली, त्या पडल्या, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेल्या. भुरटा चोर असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. माणूस गेल्यावर लॅपटॉप कोणाला आठवतो? साडूचं सगळं ऐकून झाल्यावर फोनवरच्या बाई रडायला लागल्या. त्या लॅपटॉपमध्ये चेहरा नोंदलेला होता तो फक्त ताईंचा. त्याच दुपारी मायलेकींना दुसऱ्या गावी हलवलं. त्या माणसाला पोलिसांनी घरातूनच उचललं. तसाच टेबलाशी बसून होता म्हणे, भिंतीकडे बघत.

मला विचाराल तर इथेच संपायला हवं होतं. पण काही दिवसांनी ताईंच्या जागी एक नवी मुलगी आली, आणि लॅपटॉपला तिच्या चेहऱ्याची ओळख करून द्यायला संस्थेने साडूलाच बोलावलं. भर दुपार होती, लख्ख उजेड. त्याने संस्थेकडच्या पासवर्डने लॅपटॉप उघडून ताईंच्या चेहऱ्याची नोंद पुसली, मुलीला समोर बसवलं, आणि आपण टेबलापलीकडे, लॅपटॉपच्या पाठीकडे जाऊन उभा राहिला. खोलीत ही दोघंच. दार लावलेलं.

दिवा लागला. मुलगी न हलता बसली. जरा वेळाने म्हणाली, "काका, हा पुढे जात नाहीये."

"काय म्हणतोय?"

तिने वाचून दाखवलं.

"कॅमेऱ्यासमोर एका वेळी एकाच व्यक्तीने बसावे."